मिरचीची पोती आणि शंभर वॉट

गेल्या धनत्रयोदशीला भिवापूरच्या घरी नवा ॲम्प्लिफायर जोडून मी बटण दाबलं आणि ओट्यावर बसलेल्या मोठ्या बाबांनी तिथूनच विचारलं, "काऊन बे, एवढे पैसे घातले ना? मंग हा माणूस विहिरीत बसून गाऊन राह्यल्यावानी काऊन वाटते?"

तक्रार रास्त होती. आवाज भरपूर होता, पण शब्द एकमेकांच्या अंगावर चढत होते आणि डग्ग्याचा एखादाच ठोका भिंतीतून आल्यासारखा घुमायचा. ॲम्प्लिफायर नागपूरहून, सीताबर्डीवरून आणलेला, दर बाजूला शंभर वॉटचा. स्पीकर पुण्याच्या चुलतभावाने स्वतःला नवे घेतल्यावर मला दिलेले. काखेत मावतील एवढे, काळेभोर, देखणे. शेजारी जुन्या लुगड्याखाली झाकलेला बाबांचा संच. मी नवा ॲम्प्लिफायर काढून जुना लावला. माणूस विहिरीतच. मग जुन्याला जुने स्पीकर, नव्याला जुने स्पीकर. चार जोड्या, दोन तास आणि बोटांना तारांचे ओरखडे. संध्याकाळी मोठी आई आणि वहिनीने गच्चीवर उन्हात टाकलेल्या गाद्या खाली आणल्या, दिवाण लावला, धुतलेले पडदे अडकवले. मी कशालाही हात न लावता गाणं ताळ्यावर आलं.

"केला वाट्टे दुरुस्त," मोठे बाबा म्हणाले. मी हो म्हणालो. त्या खोट्या 'हो'ची भरपाई करायला पुढचे सहा महिने गेले.

आमची बैठकीची खोली पूर्वी मातीच्या भिंतींची आणि कवेलूची होती. पुढे स्लॅब पडला. खोली दहा बाय दहा, आणि मिस्त्रीने हवेशीर व्हावी म्हणून छतही दहा फुटांवर टाकलं. गाणं ऐकण्यासाठी याहून वाईट खोली मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमायची नाही. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की सेकंदाला साधारण ५६ कंपनांचा खर्ज तिथे अडकतो आणि फुगतो. आमच्याकडे लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या. म्हणजे तिन्ही बाजूंनी तोच एक सूर मुक्कामाला. वरच्या पट्टीतले आवाज टाइल्सवर आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतींवर आपटून परत येणार, आणि त्यांना गिळणारा कापूस दिवाळीच्या साफसफाईत गच्चीवर. बाबांच्या वेळी मातीची भिंत आणि फटींचं छप्पर होतं. नको असलेला आवाज आपला कवेलूतून बाहेर निघून जायचा, त्याचा विचार करावा लागत नसे.

गादीचा हा चमत्कार कळला, तरी दुसरा प्रश्न तसाच होता. खोली एकच, मग यंत्रांत फरक आहे की नाही? घरात तीन पिढ्यांची तीन यंत्रं होती. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. बाबांनी १९८०च्या दशकात गावातल्याच एका मेकॅनिककडून जुळवून घेतलेला ॲम्प्लिफायर. त्यात थर्टी फिफ्टी-फाइव्ह या नावाने सगळे दुकानदार ओळखतात ते धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर, आणि सोबत सुताराने केलेल्या सागवानी चौकटीच्या दोन पेट्या, आत आठ इंची कागदी कोनाचे स्पीकर. तिसरा माझा नवा डबा. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या आणि पुतण्याला हाताला काम हवं होतं.

रेडिओपासून सुरुवात केली. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ला सुरू झाली, आणि आजोबांनी रेडिओ घेतला तो आधी तिच्यासाठी, मग विविध भारतीसाठी. त्या काळात ठाण्यात मर्फीचा आणि पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा कारखाना होता. महाराष्ट्रातल्या बैठकांमधले बरेचसे लाकडी डबे याच दोन नावांचे. अशा रेडिओच्या शेवटच्या टप्प्यावर ईएल ८४सारखा एकच व्हॉल्व्ह असतो आणि तो जीव तोडून चार-पाच वॉट देतो. पुढे १९८८ साली नागपूरजवळ बुटीबोरीहून आकाशवाणीचं राष्ट्रीय प्रसारण सुरू झालं तेव्हा तिथला प्रक्षेपक एक हजार किलोवॉटचा होता. दहा लाख वॉटांनी निघालेली लहर आमच्या ओट्यावर यायची आणि चार वॉटांत वाजायची, आणि कुणाला काही कमी पडतंय असं वाटत नव्हतं. शेजारच्या वाड्यातल्या बाया बातम्या आमच्याच रेडिओवर ऐकायच्या, त्यांच्या अंगणात बसून.

या रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. तिथे मोबाइलची तार खुपसली की रेडिओचा ॲम्प्लिफायर होतो. पण करून बघण्याआधी जाणत्याला दाखवा. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, लोखंडी चासी थेट विजेच्या तारेला जोडलेली असते, आणि मग मोबाइल हातात धरलेला माणूस त्या तारेचा शेवट होतो. आमच्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर निघाला.

तो दाखवला ज्यांना, ते बाजाराच्या बाजूचे रेडिओवाले काका. बाबांचा ॲम्प्लिफायर ज्यांनी जुळवला त्यांचेच शिष्य. आता दुकानात रेडिओ शोभेला दोनच; पोट चालतं ते मिक्सर, चार्जर आणि मोटारपंपाच्या स्टार्टरवर. त्यांनी मला पहिल्या दिवशी एक वाक्य सांगितलं ते अजून कानात आहे : "व्हॉल्व्हले स्पीकर काढून चालवू नको, ट्रान्झिस्टरले तारा चिकटवून चालवू नको. बाकी काय करायचं ते कर जी." व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला भार नसला की त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब इतका चढतो की आतला इन्सुलेशनचा कागद फाटून ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरचं उलट. त्याला भार नसला तर तो निवांत असतो, पण भार फार झाला, म्हणजे ओहम फार कमी झाले, की मरतो. माणसं जोड्या बदलताना यातली एक चूक करतातच. आमच्या घरी दुसरी झाली, तिच्याकडे येतो.

आधी वॉटांचं. मी शंभर वॉटाला भुललो होतो, हे कबूल करायला हवं. स्पीकरच्या मागच्या चिठ्ठीवर वॉटाच्या खाली बारीक अक्षरात दुसरा एक आकडा असतो : एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघेल. माझ्या देखण्या स्पीकरवर तो ८४ होता. बाबांच्या पेट्यांवर चिठ्ठीच नव्हती, म्हणून दोघांना सारखीच वीज पोचेल असं बघून मोबाइलवरच्या मापकाने ढोबळ मोजलं. जुने जवळजवळ दहा डेसिबलने पुढे. दहा डेसिबल म्हणजे दहा पट शक्ती. माझ्या नव्या स्पीकरला जे सांगायला शंभर वॉट लागतील ते बाबांचा स्पीकर दहा वॉटांत सांगणार. आणि घरातल्या घरात गप्पा चालू ठेवून गाणं ऐकताना सरासरी एक वॉटसुद्धा खर्च होत नाही.

मग नवे स्पीकर वाईट का? तसंही नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिघांपैकी दोनच एका वेळी मिळतात. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर याने एआर-१ हा स्पीकर काढला. हवाबंद लहान पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरून त्याने कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज फडताळावर आणून ठेवला. किंमत मोजली ती वॉटांत. व्हॉल्व्हच्या काळात ती जड जायची. ट्रान्झिस्टर आला, वॉट स्वस्त झाले, आणि स्पीकर लहान लहान होत गेले. म्हणजे आजोबांचा रेडिओ चार वॉटांत गल्ली गाजवायचा ते यंत्राच्या जोरावर नव्हे, मोठ्या हलक्या कागदी कोनाच्या जोरावर. उलट त्या कोनाला तंबोऱ्याच्या खालच्या षड्जाचा फक्त वास यायचा, स्वर यायचा नाही. हे मोठ्या बाबांना सांगून मी बोलणी खाल्ली.

(वॉटांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये हे आपल्याला पी.एम.पी.ओ.ने शिकवलं होतं. खोक्यावर हजार वॉट आणि यंत्राच्या पाठीवरच्या पत्र्यावर वीज खाते चाळीस वॉट. उरलेले नऊशे साठ कुठून येतात हे कोणी विचारत नसे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरचे वॉट सलग चालवून मोजलेलेच छापायचे असा नियम केला. आपल्याकडच्या खोक्यांना त्याचा पत्ता लागला नाही.)

आता चूक. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पुतण्याने ठरवलं की चार स्पीकर असताना दोनच का वाजवायचे. त्याने जुन्या ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजूंना जुन्या स्पीकरच्या तारांवरच नवे स्पीकरही जोडले. जुना आठ ओहमचा, नवा चार ओहमचा. दोन्ही समांतर जोडले की उरतात पावणेतीन ओहमपेक्षाही थोडे कमी. आठ ओहमसाठी बांधलेल्या यंत्राकडून तिप्पट प्रवाह मागितला गेला. वीस मिनिटं सगळ्या घराने कौतुक केलं. मग लाख जळाल्यासारखा वास, एक घरघर, उजव्या पेटीतून धूर. ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला होता आणि सरळ डी.सी. वीज स्पीकरच्या कॉईलमध्ये गेली होती. हे व्हायला नको म्हणूनच फ्यूज असतो. फ्यूजच्या जागी तारेचं वेटोळं होतं. ते कॉलेजात असताना मीच घातलं होतं, त्यामुळे पुतण्याला रागावता आलं नाही.

काकांच्या टेबलाला एक सिरीजचा बोर्ड आहे : यंत्राला वीज द्यायची ती मध्ये एक बल्ब घालून. आत शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असलं तर क्षणभर चमकून मंद होतो. यासाठी तारेचा जुना बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. काकांनी शंभर वॉटचे तसले सात बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवलेत. "हे सरले की मी रिटायर," म्हणाले. आमचा ॲम्प्लिफायर लावला. बल्ब भक्क पेटला. नवे ट्रान्झिस्टर आले त्यातले दोन त्यांनी तळहातावर तोलूनच बाजूला ठेवले. नकली. टोपी तीच, वजन कमी, आणि थिनरचा बोळा फिरवल्यावर आकडे पुसले गेले. नागपूर काय किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली काय, जिथे सुटे भाग मिळतात तिथे नकलीही मिळतात. बोटांना जे कळतं ते पावतीवर नसतं.

जळालेली कॉईल नागपूरहून भरून आली. पेटी जागेवर लावली आणि नवंच दुखणं. गाणारा दोन पेट्यांच्या मधोमध उभा असायचा, तो नाहीसा झाला. आवाज दोन्ही कानांच्या बाहेरून येत होता आणि खर्ज पार वाळलेला. मी खोलीवर संशय घेतला, ॲम्प्लिफायरवर घेतला, नकली मालावर घेतला. काकांनी फोनवर विचारलं, "पेन्सिल सेल आहे का घरी?" दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवायचा. सेलची धन बाजू तांबड्या खुणेला लावली की कोन बाहेर यायला हवा. डावा बाहेर आला. उजवा आत गेला. कॉईल भरताना टोकं उलटी झाली होती, त्यामुळे एक स्पीकर हवा ढकलायचा तेव्हा दुसरा ओढून घ्यायचा, आणि खर्ज मधल्यामध्ये मरायचा. तारा उलटवल्या. गाणारा परत येऊन उभा राहिला. मोठी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता हा घरात आला. मंगा तो दोन खिडक्यांत बसला होता." तिने आयुष्यात स्टिरिओ हा शब्द वापरलेला नाही.

एवढं झाल्यावर मुख्य प्रश्नाचा निकाल लावायचा ठरला. दोन ॲम्प्लिफायर, स्पीकर तेच, मध्ये चादर. ऐकणाऱ्याला कोणता चालू आहे ते दिसू द्यायचं नाही. याची एक अट आहे आणि ती पाळली नाही तर सगळं फुकट : दोन्हींचा आवाज अगदी सारखा हवा. थोडा जास्त मोठा आवाज माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानातला विक्रेता हे जाणून असतो. मोबाइलवर एकसुरी पट्टी लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्ही ॲम्प्लिफायर एक टक्क्याच्या आत जुळवले. तारा काढून लावेपर्यंत कान आधीचं विसरतो, म्हणून काकांनी तांबडी-काळी दोन्ही तारा एकदम फिरवणारा स्विच करून दिला.

हा खेळ आमच्या आधी मोठ्या लोकांनी खेळला आहे. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७च्या अंकात स्वस्तातले आणि अफाट महागडे ॲम्प्लिफायर झाकून ऐकवले होते. अंदाज नाणेफेकीच्या पुढे गेले नाहीत. शौकिनांनी ते कधी माफ केलं नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी तेच स्पीकरच्या बाबतीत केलं आणि तिथे उलट झालं : झाकून ऐकणारी माणसंही स्पीकरमधला फरक ओळखत होती, आणि आवडीनिवडी बऱ्याच जुळत होत्या. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवलं की स्पीकर डोळ्यांना दिसला की त्याच माणसांची मतं फिरतात. आकार, लाकूड, नाव यांना गुण मिळू लागतात.

आमच्या चादरीमागे पुतण्या आणि समोर घरातले पाच जण. बाबांचा दुरुस्त झालेला ॲम्प्लिफायर आणि माझा नवा : दहा वेळा विचारलं, उत्तरं पाच-सहा बरोबर. मोठे बाबा, ज्यांना जुना 'गोड' लागतो, ते तीनदा नव्याला गोड म्हणाले. मी स्वतः चारच ओळखले. मग पुतण्याने रेडिओ जोडला आणि सगळ्यांनी लगेच ओळखला. त्याला कारण आहे. स्पीकरचे आठ ओहम हे नावाचे. प्रत्यक्षात सुराप्रमाणे ते सहापासून तीस-चाळीसपर्यंत वरखाली होतात. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर त्याची फिकीर करत नाही. साध्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची पकड सैल, तो स्पीकरच्या या चढउतारामागे वाहवत जातो, कुठे खर्ज फुगवतो, कुठे वरचे सूर. म्हणजे व्हॉल्व्हचा गोडवा कल्पनेतला नाही. पण त्याला नेमकेपणा म्हणायचं की लाड, हे ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर लाड. मोठ्या बाबांना विचाराल तर, "गोड ते गोड. मीटर काय खायले घालते?"

स्पीकर बदलले तेव्हा चादरीची गरजच उरली नाही. अंगणातून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ओळखलं.

शेवटची जोडी अशी ठरली : नवा ॲम्प्लिफायर, बाबांच्या जुन्या पेट्या. नव्याला टक्कन आवाज करत दोन-तीन सेकंदांनी जुळणारा रिले आहे. पुन्हा कधी शॉर्ट झाला तर तो तार तोडेल, वेटोळं करणारा मी घरात असलो तरी. पेट्या आलमारीवरून खाली आल्या, कोपऱ्यातून दीड फूट पुढे सरकल्या, कारण कोपरा खर्जाला आणखी चेव आणतो. ऐकणाऱ्याची खुर्चीही भिंतीपासून पुढे घ्यायला हवी होती. मोठे बाबा भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नाहीत. तो विषय तिथेच सोडला. देखणे स्पीकर पुतण्याच्या अभ्यासाच्या टेबलावर गेले. तिथे, दोन हातांवरून, ८४चा आकडा कुणाला आडवा येत नाही आणि त्यांचा खर्ज खरोखर आपल्या पेट्यांहून नेमका आहे. जुना ॲम्प्लिफायर आता त्यांनाच जोडलाय. चार ओहमवर, हळू आवाजात, खऱ्या फ्यूजसह.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे दिवस. गावोगावी जत्रा, पूर्वेला वडशापासून सुरू होणारा झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, आणि सगळीकडे 'डॉल्बी'. रे डॉल्बी या माणसाने १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली सुरसुर घालवायला, म्हणजे आवाज कमी करायला. त्याचं नाव महाराष्ट्राने पेट्यांच्या भिंतीला दिलं. त्या भिंतीखाली उभं राहून आल्यावर दोन दिवस मी घरच्या यंत्राबद्दल कुठलंही मत देत नाही.

फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा बैठकीत मिरची आली होती. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण देशी वाणाचा पेरा पूर्वीएवढा नाही. आमच्याकडे तुकडाभर असतो आणि मोठे बाबा चांगला भाव येईपर्यंत माल सातऱ्यावर, म्हणजे मिरचीची देठं खुडायच्या जागी, जाऊ देत नाहीत. मागच्या भिंतीला छातीभर उंच, दोन फूट जाड पोत्यांची थप्पी. सुकलेली मिरची म्हणजे पोकळ, सुरकुतलेली, मधे हवाच हवा. तागाच्या पोत्यात ती भरली की आवाज आत शिरतो आणि वाट चुकतो. स्टुडिओवाले याच कामासाठी काचेच्या लोकरीचे जाड थर लावतात. पडदा फक्त वरचे सूर टिपतो, दोन फुटांची थप्पी बरीच खाली उतरते. ५६ कंपनांच्या आमच्या त्या मुक्कामी सुराला ती पुरती आवरू शकत नाही, त्याला पाच फूट जाडी लागेल. पण बाकी सगळं जागच्या जागी. तबल्याची शाई आणि किनार वेगवेगळी ऐकू येत होती. मी दोन तास ऐकलं, त्यातला अर्धा वेळ शिंकत. वहिनीने नाकाला पदर लावून दारातून विचारलं, "अजून किती सुधारायचं आहे भाऊजी?"

एप्रिलमध्ये भाव आला. मी नागपुरात होतो. संध्याकाळी मोठ्या बाबांचा फोन : "मिरची गेली बे. तुझा माणूस पुन्हा विहिरीत पडला."